थांबलेल्या साखरपुड्याचे चित्रण

मनुष्यप्राणी मूलतः हालचाल करणारा आहे, हे विधान जीवशास्त्रात खरे असले तरी समारंभात लागू होत नाही. समारंभात मनुष्य फोटोग्राफर येईपर्यंतच हलतो. देवळाली प्रवरेत हा नियम विशेष कडक पाळला जातो आणि त्याचे संपूर्ण श्रेय कानिफनाथ फोटोवाले यांना दिले पाहिजे.

कानिफनाथांनी अठ्ठावीस वर्षे गावाला शिस्त लावली. त्यांनी 'हं, थांबा' म्हटले की नारळ देणारा आणि घेणारा दोघेही नारळ धरून कॅमेऱ्याकडे पाहत राहतात. (त्या वेळी नारळ नेमका कोणाचा, हे ठरलेले नसते.) एक सत्कारमूर्ती तर अर्धी शाल अंगावर, अर्धी हवेत, अशा अवस्थेत रोल बदलून होईपर्यंत उभे होते. पुढे ते नगरसेवक झाले.

पण हल्ली लोकांना व्हिडिओ लागतो. ऊसबागायतदार काकासाहेबांनी स्पष्टच सांगितले, "नाथा, आमच्या धनश्रीच्या साखरपुड्याची शूटिंग करून दाव. जमली तर लग्नाची आर्डर तुला. न्हाई तर राहात्याची पार्टी सांगतो." लग्नेच गेली तर दुकानात पासपोर्ट साइजचे फोटो तेवढे उरणार होते. कानिफनाथ खरोखर घाबरले.

त्यांनी राहात्याला व्हिडिओ शिकवणाऱ्या मोनिका मॅडमचा तीन दिवसांचा वर्ग केला. मॅडम वयाने त्यांच्या निम्म्या. पहिल्या दिवशी बटणे झाली, दुसऱ्या दिवशी कॅमेरा न हिंदकळता चालणे झाले. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, एकच करा. काही बोलू नका. माणसं आपोआप हलतात." कानिफनाथांनी हे वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या.

साखरपुड्याला ते तोंडात अख्खी सुपारी धरून उभे राहिले, म्हणजे शब्दच फुटायला नको. त्यांनी कॅमेरा वर उचलला आणि सबंध मांडव थांबला. अंगठी धनश्रीच्या नखापाशी अडकली. भटजी मंत्राच्या मधोमध गप्प झाले. शेवटी न राहवून कानिफनाथ सुपारी थुंकून म्हणाले, "आवो, हाला की जरा." ही नवीन पोझ असावी, असे समजून लोक आणखी ताठ झाले.

एकूण चित्रण दोन तास सतरा मिनिटांचे झाले. त्यात हलताना आढळले ते असे: पंखे सहा, पापण्या अगणित आणि भागूबाई.

भागूबाई या काकासाहेबांच्या मातोश्री, वय एक्याऐंशी. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एकही फोटो धड आलेला नाही. घरच्या प्रत्येक अल्बममध्ये कुटुंबाच्या कडेला जो पांढरट पट्टा दिसतो, त्या भागूबाई. साखरपुड्यातही त्या थांबलेल्या गर्दीतून चष्मा शोधत आल्या. "माजा चष्मा कुनी घेतला? अन् हुबी काय ऱ्हायली समदी, वारलात का काय?" मग नातीचा हात पाहून नवरदेवाला म्हणाल्या, "घाल की रं बाबा, पोरीचा हात अवघडला." नवरदेव हलेना, तेव्हा त्यांनीच अंगठी आत सारली, नातीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली आणि चष्मा शोधत निघून गेल्या. त्रेचाळीस सेकंद.

काकासाहेबांनी व्हिडिओ सहकुटुंब पाहिला. "लई भारी. दोन तासात एक मानूस हाललेलं न्हाई." मग म्हणाले, "फकस्त आय तेवढी काढून टाक. समदं बिघडवलंय तिनं."

लग्नाची ऑर्डर पक्की झाली. कानिफनाथांनी भागूबाई कापल्या, पण ते त्रेचाळीस सेकंद स्वतःच्या मोबाईलवर ठेवले आणि मॅडमना पाठवले. खाली लिहिले, 'येवढंच जमलं.' त्यांना वाईट वाटले, हे इथे नमूद केले पाहिजे.

वाचकांना काकासाहेबांचे हसू आले असल्यास ते योग्यच आहे. हसून झाल्यावर फक्त आपला मोबाईल उघडावा आणि त्यात आई चालते-बोलते असे किती सेकंद आहेत, ते पाहावे. (फोटो धरू नयेत. दुसऱ्याच्या लग्नात मागून गेलेली धरू नये.) सावकाश शोधा. आम्हाला घाई नाही. तुमच्या आईला असू शकते.