पांढुर्ण्यात स्वीडनचा कायदा

आमच्या शेजारचे गावंडे गुरुजी बसमध्ये बसले की कंडक्टरला गावाचं नाव सांगत नसत. भाड्याचे नेमके पैसे पुढे करत. कंडक्टर विचारायचा, कुठं उतरता? हे म्हणायचे, "एवढ्या पैशात जिथं जाते तिथं." त्या पैशात सौंसर येतं हे साऱ्या बसला ठाऊक होतं, पण गुरुजींनी ते आपल्या तोंडानं सांगितलं नव्हतं ना!

शाळेतून रिटायर झाल्यावर ते पांढुर्ण्याला आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आले. एकटेच. रेडिओवर परदेशी स्टेशनं ऐकायचे. त्यात कधीतरी त्यांना कळलं, की स्वीडनमध्ये माणसाची माहिती मशीनमध्ये भरून ठेवायची तर परवानगी लागते, तसा कायदाच आहे. झालं! आमच्याकडे मशीन कुठलं? गुरुजींनी तो कायदा गल्लीलाच लावला. कोणी पिशवीकडे बघून विचारलं, काय आणलं गुरुजी, तर उत्तर यायचं, भाजी. कोणती? "ते वैयक्तिक आहे." डॉक्टरनं काय दुखते म्हणून विचारलं, तर त्यालाच म्हणाले, "तुमी शिकलेले ना, तपासा."

कायदा कुठवर आला ही बातमी मात्र ते न विचारता देत. जर्मनी झाली, फ्रान्स झालं. इंग्लंडनंही केला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. "येऊन राहिला," म्हणाले, जणू गाडी इटारसीहून सुटलीच आहे. आम्ही पेढे खाल्ले आणि गुरुजींचं वय किती असेल यावर पैजा लावल्या.

मग माझं स्थळ निघालं. सौंसरचं, संत्र्याच्या बगिच्यावालं. आमच्याकडे मुलाकडचे आधी मुलीच्या घरी येत नाहीत, शेजारीपाजारी विचारून घेतात. आणि मला आदल्या वर्षी टीबी झाला होता. नागपूरला औषधपाणी करून मी पूर्ण बरी झाले होते, पण त्या काळी टीबीचं नाव निघालं की स्थळ गेलंच. मला हे स्थळ हवं होतं. मुलगा मी लांबून पाहिला होता आणि आवडला होता, लपवू कशाला.

मुलाचे वडील आणि मामा आले ते नेमके गुरुजींच्या ओसरीवर चढले. मास्तर माणूस, खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. आई आणि मी भिंतीपलीकडे कान लावून उभ्या. मुलगी कशी आहे म्हणून विचारल्यावर गुरुजी म्हणाले, ती वैयक्तिक माहिती आहे. मामा लगेच म्हणाले, "म्हंजे काहीतरी आहे." मला तर या माणसाचा आणि त्याच्या स्वीडनचा असा राग आला की काय सांगू.

गुरुजी म्हणाले, "बसा जी. दुसऱ्याचं नाही, माहं सांगतो. माह्या पोरीले लहानपणी फिट येत. मंग बंद झाल्या. बैतूलची सोयरिक जमली, त्यायनं विचारलं, अन् मी सांगून देल्लं. बाप असून. तिले विचारलंबी नाही. सोयरिक मोडली. तवापासून पोरगी माह्याशी बोलत नाही. या पोरीचं जे असन ते तिचं आहे. तिले विचारा. तिले वाटलं तर ते सांगन."

गुरुजींना मुलगी आहे, हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं.

ते दोघं आमच्याकडे आले. मुलाच्या वडिलांनी मलाच समोर बसवून विचारलं. मी सगळं सांगितलं, नागपूरच्या डॉक्टरच्या नावासकट. मामा कुरकुरले. वडील म्हणाले, पोरगी खरं बोलून राहिली, आपल्याले आणखी काय पाहिजे. वैशाखात मी सौंसरला सासरी आले.

सोयरिक पक्की झाली त्या संध्याकाळी मी गुरुजींकडे चहा घेऊन गेले. पाया पडले आणि त्यांच्या मुलीचं नाव विचारलं. वाटलं, आता पुन्हा स्वीडन ऐकावं लागणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि नाव सांगितलं.

"कोणाले सांगू नको, बाई," म्हणाले.

म्हणून ते मी इथं लिहीत नाही.