पंच्याखालचा कळफलक

अख्ख्या लोहाऱ्यात मोबाइलवर पंचा झाकून टाइप करणारा माणूस एकच आहे, आणि तो रोज माझ्याच दुकानात येऊन बसतो. बिराजदार सर. फोन टेबलावर ठेवतात, त्यावर पंचा पसरतात, दोन्ही हात पंच्याखाली घालतात आणि समोरच्या तणनाशकाच्या पोस्टरकडे बघत टाइप करू लागतात. थोड्या वेळाने पंचा उचलून वाचतात, 'नापास' म्हणतात आणि फोन माझ्याकडे ढकलतात. फोन माझा असतो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

तहसीलच्या रस्त्याला सरांचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. मीही गेलो; कारकून न होता कृषी सेवा केंद्र काढलं, तो भाग वेगळा. मुलांचा हात जरा बसला, की सर मशीनवर पंचा टाकायचे आणि मान खाली गेली की पाठीत पट्टी. "अक्षर बोटात पायजे, इरफान. डोळ्यात न्हाय." पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, मशिनी भंगारात गेल्या. पंचा तेवढा राहिला.

क्लासातली सगळ्यात वेगवान मुलगी म्हणजे शोभाकाकू. सरांनी तिच्याशीच लग्न केलं. त्यांची लेक सुनीता पुण्याला बँकेत आहे. दिवसा तिला फोन घेता येत नाही, म्हणून काकू रोज दुपारी तिला मेसेज लिहायच्या, चांगले ऐसपैस. पण साखरेनं काकूंचे डोळे खाल्ले. गेल्या दिवाळीपासून फोनवरची अक्षरं दिसेनात. गेलेली नजर परत येणार नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून सर मोबाइलवर उतरवून घ्यायचे कळफलक एकेक करून तपासायला लागले. न बघता काकूंच्या बोटांना सापडेल असा एक तरी कळफलक जगात असलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. काकूंचा फोन बिघडायला नको, म्हणून प्रयोग माझ्या फोनवर.

एरवी सर शांत माणूस आहेत. नवा कळफलक उतरवला की मात्र त्यांच्या कपाळाची शीर ताठ होते. एकात क, ख, ग ओळीनं मांडलेले होते. "ही बालवाडी हाय का? 'ङ'ला एवढी मोठी जागा दिलीय. आयुष्यात कितींदा लिहिलास रं तू 'ङ'?" मी कधीच लिहिला नव्हता, तरी मलाच ओशाळं वाटलं. दुसऱ्यात इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटायची. सरांनी तो पुरा न बघताच काढून टाकला. "माझ्या घरात यायला शेजाऱ्याच्या दारातनं का येऊ म्या?" तिसऱ्यात बोट न उचलता अक्षरांवरून फिरवायचं होतं. सरांनी पंच्याखालून फिरवून पाहिलं, तर दीड ओळ असं काही उमटलं की आम्ही दोघांनी ते वाचून गुपचूप पुसलं. "फरशी पुसायची असंल तर चांगलाय," म्हणाले.

जुन्या मशीनसारखी मांडणी असलेलाही एक सापडला. त्या दिवशी सर हरखले. पण त्याच्या कळा ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि काचेवर बोटाला एकीची कड लागेना की दुसरीची. "अक्षरांची मधली वळ कुठाय? बोटानं टेकायचं कुठं?" एवढ्यात त्याच कळफलकानं विचारलं, की तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू का. सर उठून उभेच राहिले. "ह्याला भावकीचे नंबर कशाला पायजेत? मशीननं इचारलं होतं का कधी, की तुमचा चुलता कोण म्हणून?" दुकानातली गिऱ्हाइकं बी-बियाणं सोडून ऐकत उभी. त्यातल्या एकानं, बियाण्याची पिशवी हातात धरून, सरांना पाठिंबाही दिला.

हे सगळं मी सोसलं. पण एकदा सर जाताना फोनवर भलताच कळफलक ठेवून गेले. दोन अक्षरं लिहिली की पुढचं तो आपल्याच मनानं लिहून टाकायचा. माकणीच्या एका शेतकऱ्यानं सोयाबीनच्या बियाण्याचं विचारलं होतं. मी 'भाव' लिहिलं, घाईत पुढचं बोट कुठं पडलं कळलं नाही, आणि त्याला 'भावपूर्ण श्रद्धांजली' गेलं. तो तासाभरात मोटारसायकल हाणत दुकानात हजर. "कोण गेलं?" असा त्याचा सवाल, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याला समजावता समजावता माझा दिवस गेला, आणि गिऱ्हाईकही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांवर भडकलो. आयुष्यात पहिल्यांदाच. "सर, बास करा आता. त्या कळफलकात माइकचं चित्र आसतंय. दाबायचं, बोलायचं, आपोआप लिहिलं जातंय. सगळं गाव सांगतंय तुमाला. काकूला बोलू द्या की. का छळताय त्येंला आन् मला?"

सरांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला. "बोलायला लावणारा कळफलक आमाला नगं," म्हणाले आणि चालते झाले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचा अहंकार. आयुष्यभर टायपिंग शिकवलं, आता न टाइप करता लिहिलं जातंय हे बघवत नाही. बायकोची सोय राहू दे बाजूला, ह्यांचा क्लास मोठा. त्या रागातच मी रविवारी त्यांच्या घरी गेलो.

सर पलंगावर पेपर चाळत होते. मी त्यांच्याकडे न बघता काकूंचा फोन घेतला आणि माइकचं बटण अंधुक नजरेलाही दिसेल एवढं मोठं करून दिलं. "काकू, बोला आता सुनीताला. जे मनात यील ते."

काकूंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "प्रिय सुनीता. मी बरी आहे. बाबा बरे आहेत. काळजी करू नये." काचेवर एकूणएक अक्षर बरोबर उमटलं. मी जिंकल्यासारखं सरांकडे पाहिलं. ते पेपर ठेवून अंगणात निघून गेले होते. मी मागोमाग गेलो, भांडायचंच होतं मला.

"ऐकलास?" सर म्हणाले. "तिनं पोरीला आसं कधी लिहिलंय का? रोज दुपारी माझ्याबद्दल लिहायची. म्या मीठ सोडत न्हाय, कुणाचं ऐकत न्हाय, घोरतोय. लिहिता लिहिता एकटीच हसायची. कवा कवा डोळे पुसायची. तेवढं एकच ठिकाण व्हतं तिला, माझी गाऱ्हाणी करायचं. आता माझ्या म्होरं मोठ्यानं कशी करंल? म्हणून बोटानंच लिहिता यायला पायजे, इरफान."

माझा राग कुठल्या कुठं गेला, पण तोंड काही बंद झालं नाही. "मग तुमी बाहेर जात जावा की तेवढा वेळ."

"जातो की. आत्ता बी आलोय." सरांनी दाराकडे पाहिलं. "पर म्या गेलो का हितंच बसलोय, ते तिला दिसत न्हाय."

आतून काकूंनी हाक मारली, "सर हायत का तिथं?" आणि सर "हाय, हाय" म्हणत लगबगीनं आत गेले.

पूर्वी सर सकाळी यायचे, आता दुपारी येतात. आल्याबरोबर माझ्या फोनवरून घरी फोन लावतात. "म्या इरफानच्या दुकानात हाय," एवढं सांगून फोन माझ्याकडे देतात, आणि मी साक्ष देतो, "व्हय काकू, माझ्या म्होरंच बसलेत." मग काकू तिकडे दार लावून माइकचं बटण दाबतात आणि बोलून बोलून लेकीला ऐसपैस मेसेज लिहितात. बोलणं संपलं की माझ्या नंबरवर मिस्ड कॉल देतात. तोवर सरांनी घराच्या दिशेनं पाऊल टाकायचं नाही, असा नियम सरांनीच घातलाय. ही तात्पुरती सोय आहे, असं ते बजावतात, आणि तेवढ्या वेळात माझ्या फोनवर नवा कळफलक उतरवून त्याचा उद्धार करतात. मला अजूनही राग येतो. फोन माझा आहे.

परवा चहा संपला, कळफलक नापास झाला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तरी मिस्ड कॉल येईना. मला काळजी वाटायला लागली. "सर, बघून येऊ का घरी?"

"बस गप," सर म्हणाले. "आज मोठं गाऱ्हाणं दिसतंय." आणि समोरच्या टपरीवर हात करून त्यांनी आणखी दोन चहा सांगितले.