पुढे करवंदे आहेत

‘सूचना : पुढे करवंदे आहेत. घरापासून लांब राहणाऱ्यांनी सावकाश वाचावे.’

बबनआबांच्या वेबसाइटवर सूचनेशिवाय एकही पान नाही. बेडशाच्या लेण्यांच्या पानावर ‘पायऱ्या फार, धाप लागेल’, मग वाचणारा खुर्चीत का बसलेला असेना. म्हशीच्या फोटोवर ‘ही म्हैस मारकी होती. आता हयात नाही.’

आबा मूळचे बेडशाचे, तुंगार्लीतले माझे शेजारी. जन्म घाटात रेल्वे चालवण्यात गेला. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला एक कागद देतात. पुढे रूळ कुठे कच्चा, वेग कुठे कमी करायचा, सगळं त्यात असतं. त्यावर सही झाल्याशिवाय गाडी हलत नाही. “कागद न देता कुणाला घाटात सोडायचं न्हाई,” हे आबांचं पालुपद.

ते वहीत लिहून आणतात, मी टाइप करतो आणि भरपूर चिडवतो.
“आबा, लोकांना घाबरवता कशाला?”
“घाबरवत न्हाई. सांगून ठिवतो.”

परवा त्यांनी आपल्या बायकोवर, सिंधूमावशींवर लिहून आणलं. मावशींना जाऊन दोन वर्षं झाली. त्या रोज डब्यात भाकरीखाली लिमलेटची गोळी ठेवायच्या, घाटात कानाला दडे बसतात म्हणून. शेवटी लिहिलं होतं, ‘दडे बसायचे कधीच बंद झाले होते. तिला सांगितलं नाही.’

माझे डोळे भरून आले. वर पानभर सूचना होती. एवढ्या सुंदर लेखाला ती कशाला, असं म्हणून मी ती न वाचताच परस्पर गाळली. शहाणपणा नडला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या मुलीचा, मंगलचा फोन आला. ती परदेशात नर्स आहे.
“काका, सूचना कुठंय? मी जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि मला परत वॉर्डात जाता येईना. करवंदांचं वाचून अशीच रडले होते, तेव्हापासून आबा सूचना लिहितात, त्या पानावरही मागाहून घातली. ती दिसली की मी घरी जाऊन वाचते. आता आबांशी बोलायचाही धीर होत नाही.”

आबा सगळ्या जगाला सावध करतायत असं मला इतके दिवस वाटत होतं. मला माझीच लाज वाटली. वही घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर ते फोन मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेले.
“मंगलचा फोन न्हाई आला,” ते म्हणाले. “कालधरनं बसलोय. लिवलेलं आवडलं नसंल.”

मी वही उघडली आणि गाळलेली सूचना पहिल्यांदाच वाचली. शेवटची ओळ होती, ‘मंगल, पुढं आई हाय. कामावर वाचू नको. घरी जाऊन वाच, मग फोन कर. मी वाट बघतो.’

मी तिथंच मंगलला फोन लावला आणि तो आबांच्या कानाला धरला. पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं.

“रड बाळा,” आबा म्हणाले. “घाई न्हाई. मी हाय हितं.”