ओल्सेन पाद्री आणि बेचाळीस बौद्ध

ओल्सेन पाद्री सायकलीला बाक बांधून फिरायचा. खराखुरा लाकडी बाक, चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढा. तो सायकलच्या अंगाला दोरानं आवळला की सीटवर बसायला जागाच उरायची नाही, म्हणून हा साडेसहा फुटी माणूस सायकल ढकलत चालायचा. मग सायकल कशाला, असं कोणी विचारलं की तो शांतपणे सांगायचा, "बाक न्याले."

भिलाई तेव्हा रांगांचं गाव होतं. कारखान्याची दुसरी भट्टी उभी राहत होती आणि आम्ही सगळे कशाच्या ना कशाच्या रांगेत उभे होतो. रॉकेल, रेशन, दवाखाना, भरतीचं ऑफिस. जिथे रांग तिथे ओल्सेन. बाक टेकवायचा, "बसा बापा, पाय दुखून राहिले असतील" म्हणायचा आणि माणसं बसली की गोष्ट सुरू करायचा. माणसं देवासाठी नाही, पायांसाठी बसायची. सेक्टर सहामध्ये निम्म्या लोकांना बायबलातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराची गोष्ट माहीत होती, पण तो पोरगा घरी परत आला हे कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात रॉकेलचा नंबर लागायचा. ओल्सेनला त्याचं वाईट वाटायचं नाही. "मले काही घाई नाही," हे त्याचं पालुपद होतं.

कारखाना रशियन लोक बांधत होते, त्यामुळे गोरा दिसला की तो रशियनच, हे गावानं ठरवून टाकलं होतं. बाजारातल्या भाजीवाल्या बायका त्याला रशियन आकड्यांत वांगी विकायला बघायच्या. हा बिचारा नॉर्वेचा. तो वऱ्हाडीत भाव करायचा, तेव्हा त्या एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावायच्या.

त्याची मराठी हीच मुळात एक फजिती होती. पहिली चार वर्षं तो अमरावतीकडच्या एका खेड्यात होता आणि तिथल्या स्वयंपाक्याकडून भाषा शिकला. पुस्तकी मराठीचा वाराही त्याला लागलेला नव्हता. पुढे त्याच्या मिशनवाल्यांनी कुठलातरी जुना नकाशा उघडला. त्यात नागपूर आणि भिलाई एकाच राज्यात. नवं शहर वसतंय, माणसाला मराठी येतेच आहे, पाठवा त्याला. इथे येऊन बघतो तर खेडूत छत्तीसगढी बोलतात, बाबू हिंदी, साहेब इंग्रजी. मराठी बोलणारे आम्ही विदर्भातून आलेले थोडेसे कामगार, आणि आमच्यातले बहुतेक बौद्ध. नागपूरला दीक्षा घेऊन पुरती चार वर्षंही झाली नव्हती. नुकताच एक धर्म टाकून आलेली माणसं, तेवढीच काय ती त्याच्या भाषेची. ज्याच्या भरवशावर तो एवढ्या लांब आला, त्या देवानं ही चेष्टा का केली, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, देवाकडेही जुनाच नकाशा असेल.

मी तेव्हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहिणारा कारकून होतो आणि आमच्या बौद्ध मंडळाचा चिटणीस. वय चोवीस, तोंड तिखट. ओल्सेनला मराठी बोलता यायची, लिहिता यायची नाही. मला खात्याची परीक्षा द्यायची होती आणि इंग्रजी लंगडं होतं. म्हणून तो रोज संध्याकाळी माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर यायचा. मी त्याला बाराखडी शिकवायचो, तो मला इंग्रजी. माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला 'गुरुजी' म्हणायचा. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

शेजारच्या मेश्रामकाकू त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. झुणका, भाकर, वर ठेचा. ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या आणि तो म्हणायचा, "बाई, अजून थोडा." आमच्या ओळीतलं एक घर असं नव्हतं जिथे तो पाट मांडून जेवला नाही. त्याच्या घरी मात्र आमच्यातलं कोणी गेलं नाही. तसा ठरावच होता. ठराव मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात. पाद्री आल्यास मानाने बसवावे, जेवू घालावे. परंतु त्याच्या दारात जाऊ नये व त्याच्या घरचे अन्नपाणी घेऊ नये.

यामागे कारण होतं. ऑफिसात वरच्या जातीचे बाबू माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, काय गजभिये, काल बौद्ध झालात, उद्या किरिस्ताव का? मिशनच्या फुकट दुधाच्या पावडरीवर ही माणसं विकली जातात, असं ते मला ऐकू जाईल एवढ्या हळू बोलायचे. त्यांची तोंडं बंद करायला आम्हाला हा ठराव हवा होता. त्या बाबूंचा राग मी ओल्सेनवर काढत होतो, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. असती तरी मी ती वापरली नसती.

भिलाईतल्याच सुपेला वस्तीत त्याचं कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत सतरंजी, एक टेबल, दारात टांगलेला रुळाचा तुकडा. रविवारी सकाळी तो रुळावर हातोडीनं टोले द्यायचा आणि उपासना सुरू करायचा. समोर कोणी नाही. मी रस्त्यावर सायकल थांबवून ऐकलंय. तो गाणं म्हणायचा, वाचायचा, अर्धा तास उपदेश करायचा. शेवटी सूचना सांगायचा की पुढच्या रविवारी सभा याच वेळी होईल. सतरंजीला. मी हसलो आणि ती नक्कल ऑफिसात करून दाखवली. बाबू पोट धरून हसले, आणि मला बसायला खुर्ची दिली.

दर महिन्याला तो वरिष्ठांना अहवाल पाठवायचा. तो मी टाइप करायचो. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे. या महिन्यात बारा माणसे बाकावर बसली, अकरा जणांचे पाय दुखत होते, बारावा बहिरा होता. मी म्हटलं, साहेब, दोन-चार नावं घाला, तिकडून कोण बघायला येतंय. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पुढची ओळ घेतली.

आणि शेवटी बघायला कोणीतरी आलंच. एप्रिलच्या अखेरीस काकूंकडे जेवताना ओल्सेननं सहज सांगितलं की मिशनचे मोठे साहेब मे महिन्यात येणार आहेत. मंडळी जमलेली दिसली तर ठीक, नाहीतर हे ठाणं बंद.

"मंग तुमी?" काकूंनी विचारलं.

"मंग मले वापस जा लागंल."

"तिकडं कोण हाये तुमचं?"

त्यानं विचार केला. एक बहीण आहे, म्हणाला. तिचं पत्र येऊन सहा वर्षं झाली. मग त्यानं ताटातली भाकर संपवली आणि हात धुतले.

तो गेल्यावर काकूंनी मला आणि आमचे अध्यक्ष रंगारीकाका यांना ओट्यावर बोलावलं. रंगारीकाका कोक ओव्हनमध्ये फिटर होते, वजनदार माणूस. काकू म्हणाल्या, "एक दिवस जाऊन बसून येऊ त्याच्या सभेत. धरम का घसरून पडते का बसल्यानं?" मी विरोध केला. ठराव, बाबू, समाजाची अब्रू, सगळं बोलून झालं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या परीक्षेले किती दिस रायले बापा?" दोन महिने राहिले होते. मी ठरावाची वही काढली. ठराव एका तासापुरता स्थगित करण्यात आला. रंगारीकाकांनी त्याला पुस्ती जोडली. जावे, बसावे, परंतु पाणीही पिऊ नये. तीही मीच लिहिली.

ओल्सेनला कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं येऊ दिलं नसतं.

मोठे साहेब आले त्या रविवारी सकाळी आम्ही बेचाळीस जण सुपेल्यात शिरलो. विहारात जातो तसे, सगळे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. बायकांची पांढरी लुगडी, रंगारीकाकांच्या सदऱ्याला इस्त्री. पाद्र्याकडे काय नेसून जातात हे कोणाला ठाऊक होतं? मोठे साहेब खुर्चीवर बसले होते, घामानं निथळत. ओल्सेन दारात हातोडी घेऊन उभा होता. आम्हाला पाहिल्यावर तो टोले द्यायचंच विसरला. मी आत जाऊन साहेबांना इंग्रजीत सांगितलं की मी दुभाषी आहे आणि ही मंडळी नेहमीची आहेत. ओल्सेनकडे मी बघितलं नाही.

सभा छान झाली. तो उधळ्या पोराचीच गोष्ट सांगत होता, आणि त्या दिवशी पोरगा पहिल्यांदा घरी पोचला. काकूंनी डोळे पुसले. मोठ्या साहेबांनी वहीत माणसं मोजली. शेवटी प्रार्थना. ओल्सेननं डोळे मिटून ती संपवली आणि क्षणभर थांबला. वंदना संपली की काय म्हणायचं, हे आमच्या बेचाळीस जिभांना विचार न करता माहीत होतं. एका आवाजात आम्ही म्हणालो, "साधु, साधु, साधु."

रंगारीकाकांनी जीभ चावली, पण ते म्हणून झाल्यावर. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, हे काय म्हणतात? मी पापणीही न लवता सांगितलं की मराठीत आमेनला असं म्हणतात. साहेब खूश झाले आणि वहीत लिहायला लागले. काम फत्ते झालं होतं. ओल्सेननं फक्त गप्प बसायचं होतं.

तो इंग्रजीत म्हणाला, नाही, हे बुद्धाचे लोक आहेत. माझे शेजारी आहेत. मला इथून घालवू नये म्हणून आले आहेत.

साहेबांनी वही मिटली. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. साहेब जीपकडे गेले आणि आमच्यात कुजबुज सुरू झाली. ओल्सेन आत गेला, बादली आणि पेला घेऊन आला आणि एकेकापुढे पाणी धरत फिरला. मे महिन्याचं ऊन, बेचाळीस कोरडे घसे. सगळ्यांनी हात हलवून नको म्हटलं. ठराव होता.

नंतर जे झालं ते मी सांगायला नको, पण सांगतो. आम्ही त्याच्यावर रुसलो. रुसलो हा शब्द फार गोड झाला. आम्ही त्याला वाळीत टाकलं. त्याच्यासाठी आम्ही खोटं बोललो आणि यानं आम्हाला परक्यासमोर खोटं पाडलं, असा हिशेब. रंगारीकाका म्हणायचे, "खरं बोलाची खाज हाये त्याले." तो ओट्यावर आला की मी घरात नसायचो. परीक्षा मी त्याच्याशिवाय दिली आणि नापास झालो, त्याचा दोषही त्यालाच दिला. काकू तेवढ्या त्याला जेवायला हाक मारायच्या, पण तोच येईनासा झाला. जुलैत त्याला परत बोलावल्याचं पत्र आलं, हे आम्हाला पोस्टमननं सांगितलं.

जायच्या दिवशी काकूंनी माझ्या हातात डबा ठेवला आणि दुर्गहून त्याची गाडी सुटायची आहे, त्याआधी देऊन ये म्हणाल्या. नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. मी दुपारी सुपेल्यात गेलो. दारात टांगा उभा होता. खोली रिकामी, दोन पेट्या बांधलेल्या, माठ पालथा घातलेला. मी डबा दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मी निघणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, एक विचारू काय?"

मला वाटलं, त्या रविवारबद्दल बोलेल. मी भांडायला तयारच होतो.

"मी सगळ्यांच्या घरी जेवलो. माह्या घरचं पाणी कोणी घेतलं नाई. त्या दिवशी बी नाई." तो माझ्याकडे न बघता डब्याची कडी लावत होता. "तुमच्यात माह्या हातचं चालत नाई, असं हाये काय? मी तुमच्याहून खालचा पडतो काय? तसं असंल तं मले राग नाई. पुस्तकात वाचलं होतं म्या, इथं असं असते म्हणून. फक्त मले कोणी सांगतलं नाई."

म्हणजे इतके दिवस हा माणूस स्वतःला आमचा अस्पृश्य समजून आमच्या ताटात जेवत होता. माझ्या बापानं हयातभर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेललं. मी शाळेत तहानलेला राहिलो, कारण माठाला हात लावायची मला बंदी होती. आणि मीच, वळणदार अक्षरात, दोनदा. त्याला सगळं समजावून सांगायला हवं होतं, बाबूंचं, दुधाच्या पावडरीचं. लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते आहे.

"पाणी द्या," मी म्हटलं.

त्यानं पालथ्या माठाकडे पाहिलं. मग पेटीची दोरी सोडली, आतून पेला शोधून काढला आणि रस्त्यापलीकडच्या हातपंपावर गेला. टांगेवाला गाडी चुकेल म्हणून ओरडत होता. ओल्सेन काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत आला. मी पेला तोंडाला लावून सगळं पाणी प्यायलो. तो समोर उभा राहून बघत होता.

"अजून आणू?" त्यानं विचारलं.

मला तहान नव्हती. मी हो म्हटलं, आणि तो पुन्हा पंपाकडे गेला.