सिरसाळ्याचा फोन, बीडची पेटी

विश्वनाथप्पा अंतर बघून ओरडायचे. परळीला फोन असला तर साधा आवाज, बीडला असला तर मान उंच करून, आणि मुंबईचा व्यापारी असला की अप्पा धोतर सावरत उभेच राहायचे. मग सिरसाळ्याच्या त्यांच्या आडतीसमोर चहा पिणाऱ्यांनाही तुरीचा भाव कळायचा.

मोबाइलवर आलेला फोन घ्यायलाही पैसे पडायचे, तेव्हाची ही गोष्ट. परळीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. अप्पांना एका वेळी दोन ठिकाणी बोलणं चालू ठेवायचं होतं. तशी आयएसडीएन लाइन सिरसाळ्यात मिळेना, बीडला मिळत होती. म्हणून मी फोनचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर टाकला. कॉम्प्युटर सिरसाळ्यात, लाइनची पेटी बीडला, मधे नेटवर्क. हे समजावताना माझा घसा बसला. अप्पांनी मात्र एका दमात निकाल लावला.

"मंजी आता मुंबईला वरडायचं काम न्हाई. कावून की, मी बीडपर्यंत वरडतो, फुडचं पेटी बघंल."

तेव्हापासून मुंबईचा फोनही ते बसून, बीडच्या आवाजात करू लागले.

पेटी कुठं ठेवायची यावर मात्र ते हटून बसले. बीडला त्यांच्या धाकट्या भावाचं, सोमनाथप्पांचं, बियाण्याचं दुकान होतं. वाटणी झाल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. एकाच लग्नाला गेले तरी वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. तरी अप्पा म्हणाले, "पेटी सोमाच्याच दुकानात. भाड्याच्या खोलीत उंदरं लई." मी बिचकतच विचारायला गेलो. सोमनाथप्पांनी एका शब्दानं काही न विचारता पोती सरकवून जागा करून दिली.

पुढं रोज दुपारी लाइन बंद पडू लागली. पेटी बंद करून चालू करायचं काम सोमनाथप्पांचं, आणि त्यांना तसं सांगायला अप्पा जुन्या फोनवरून स्वतः बोलायचे. "दिवा लागलाय का?" "लागलाय." एवढंच.

मी तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा टाकला, फरक पडेना. मग एका दुपारी न सांगता आडतीत शिरलो, तर अप्पा कॉम्प्युटरमागं वाकून नेटवर्कची वायर काढत होते.

"ढिली वाटली जरा," ते म्हणाले आणि माझ्याकडं बघेनात. मला हसू येणार होतं, ते आलंच नाही.

इकडं अप्पांचा मुलगा रोजच्या कटकटीला विटला होता. पेटी काढून आणा म्हणून त्यानं मला बजावलं. खरं सांगावं तर म्हातारा उघडा पडणार. जड मनानं मी बीड गाठलं.

"रोज बंद पडते म्हणून न्यायला आलोय," मी म्हणालो.

सोमनाथप्पा शांतपणे म्हणाले, "कुठं बंद पडती? म्या तर तिला कवाच हात लावला न्हाई. अण्णा इचारत्यात, मी लागलाय म्हंतो."

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला.

"लागलाय," ते म्हणाले, पण फोन ठेवला नाही.

"अण्णा, आज पेटी न्यायला आल्यात. आता तुमीच या. जेवायचा थांबतो मी."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सोमनाथप्पांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि पिशवी घेऊन ते भाजी आणायला निघाले.