चप्पल वर, माणूस खाली

आमच्या गल्लीत शालिकबापूंच्या घरी गेलात तर आधी पाणी मिळत नाही, 'या, बसा' मिळत नाही. आधी तुमची चप्पल छताला जाते.

मस्करी नाही करत. खरंच छताला. बापू दारातच उभे असतात, हातात दोरी. दोरीच्या टोकाला सरकीच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तुम्ही चप्पल काढून पिशवीत टाकायची, आणि बापू विहिरीतून बादली शेंदावी तशी ती सरसर वर ओढतात. वर पत्र्याच्या अँगलला कप्पी बांधलेली. कप्पी कुईकुई करते. पिशवी वर पोचली की बापू दोरी खिळ्याला गुंडाळतात, हात झटकतात आणि म्हणतात, "खालनी जागा माणूसनी, वरनी जागा सामाननी. बसा आते."

आणि तुम्ही बसता. डोक्यावर स्वतःची चप्पल लटकवून चहा पिता.

घर म्हणजे तरी काय? शहाद्याच्या जुन्या गल्लीतली एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकाची दुसरी, संपलं. पूर्वी पुढे ओटा होता म्हणे. रस्ता रुंद झाला, ओटा गेला. आता दार उघडलं की गल्लीतून थेट पलंगावर. मध्ये पॅसेज नाही, ओसरी नाही, पायरीसुद्धा अर्धीच. चप्पल-बूट ठेवायचे कुठे, हा प्रश्न आमच्या गल्लीत सगळ्यांनाच आहे. आम्ही तो माणसासारखा सोडवलाय. दारात ढीग घालतो, आणि निघताना त्यातली जी चांगली दिसेल ती घालून जातो. बापूंना हे चालत नाही. बाहेर ठेवू देत नाहीत, कुत्रं नेतं. आत ठेवू देत नाहीत, कारण "जमीन मोकळी ऱ्हावाले पाहिजे." का पाहिजे? तर परत तेच वाक्य, फक्त मोठ्या आवाजात.

चप्पल हातात घेतल्यावर बापू आधी ती उलटी करून तळ बघतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा खूर उचलून बघतात ना, अगदी तसं. मग शेरा. "टाच घासायेल शे. डाव्या पायवर जोर देस का रे तू?" अरे, मी जोर कुठेही देईन, तुम्हाला काय करायचंय?

हिवाळ्यात तर आणखी मजा. म्हसावदहून कोणी मोटारसायकलवर कुडकुडत आला, की चप्पल जातेच, वर जर्किनही जातं. त्यासाठी वेगळा बांबू आहे, आडवा, दोन्ही टोकांना दोऱ्या. त्यावर कोट, स्वेटर, जर्किन, मफलर, सगळं चढवायचं आणि बांबू वर. खाली पाहुणे थंडीने दात वाजवत बसलेत, आणि वर त्यांचे कोट मस्त ऊब खात लटकलेत. बाह्या कधीकधी टकलावर येतात. एकदा आमच्या शेजारच्या म्हातारीने वर बघितलं आणि किंचाळलीच, तिला वाटलं कोणीतरी फास घेतलाय.

निवडणुकीत एक उमेदवार आला होता. पांढरा झब्बा, पांढरे बूट, मागे कार्यकर्ते. बापूंनी बूट वर चढवले आणि कप्पी अडकली. उमेदवाराला पुढच्या पाच-पन्नास घरी हात जोडायचे होते. शेवटी बापूंच्या रबरी सपाता घालून गेला बिचारा, त्याही आखूड. बापूंना काही नाही. मागून ओरडले, "सपाता परत आणी देवा, भो!"

मी गल्लीचा अधिकृत नकलाकार. चहाच्या टपरीवर माझा 'बापू' रोज चालतो. गळ्यातला रुमाल म्हणजे दोरी, समोरच्याची चप्पल ओढून घ्यायची, नाक वर, डोळे बारीक, "टाच घासायेल शे!" लोक खुर्चीवरून पडतात. दुसरा आयटम काकूंचा. बापू लीलाकाकूंना घेऊन मंदिरात निघाले की हात धरतात. भर गल्लीत. या वयात! आणि चालता चालता कानात सारखं बडबडतात. आम्ही पोरं टपरीवरून शिट्ट्या मारतो, "लव्ह मॅरेज शे का बापू?" बापू मागे वळून बघतात, हात सोडत नाहीत, आणि म्हणतात, "तुन्हं व्हवू दे आधी!"

तर असा हा नग. आणि या नगाच्या पोरीला बघायला कळसाडीचे पाहुणे येणार म्हटल्यावर गल्लीने कपाळाला हात लावला. रंजू चांगली पोरगी. धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. आधी दोन ठिकाणं आली आणि गेली. एक तर चप्पल वर गेल्याबरोबर गेलं. मुलाचा बाप म्हणाला, घरात शहाणं माणूस असेल तेव्हा बोलवा. या वेळचा मुलगा दोंडाईच्याला औषधांच्या दुकानात, घरी ऊस, कापूस. रंजूला फोटो आवडलेला. हेही मोडलं, तर पुढे कोण येणार होतं बापूंच्या दारात?

माझी आई आदल्या दिवशी बापूंकडे गेली. मीही गेलो मागे, मटेरियल गोळा करायला.

"बापू, उद्या एक दिवस ती कप्पी बंद ठेवा."

"वहिनी, पाव्हना राजा शे. पन त्यान्हा बूट राजा नही."

"पोरगीनं लगीन मोडी जाई, मंग रडत बसशात!"

बापू हळूच म्हणाले, "जमीन मोकळी ऱ्हावाले पाहिजे." आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "दोन्ही सारखा शेतस!"

दुसऱ्या दिवशी जीपभरून पाहुणे आले. थंडी कडक होती, म्हणून मुलगा कोट घालून, नवा कोरा. बापूंनी कोट मागितला. पोरगं गडबडलं, पण दिला. तेव्हा कळलं की शर्टाला इस्त्री फक्त कॉलर आणि पुढच्या पट्टीला होती. बाकी शर्ट म्हणजे कपाशीचं बोंड. रंजूने आतून बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

खरा अडथळा म्हणजे मुलाचा मामा. ढेरी, जोधपुरी, लेसचे काळे बूट. मामा उंबऱ्यात थांबला.

"आम्ही दहा गावं फिरलेले लोक आहोत. आजवर आमच्या बुटाला कोणी हात लावला नाही."

"मंग आज लावू द्या," बापू म्हणाले.

"बूट आमच्या पायात राहतील. नाहीतर आम्ही जीपमध्ये राहू."

सगळे मामाच्या बुटांकडे बघायला लागले. रंजू आत चहाचा ट्रे घेऊन उभी. आईने मला कोपर मारलं, जसं काही मी कप्पी लावली होती. आणि बापू काय करतात? खाली बसले. मुलीचा बाप, मुलाच्या मामाच्या पायाशी, आणि लेस सोडायला लागले. मामालाच लाज वाटली. "अहो, अहो, काय करताय," म्हणत त्याने स्वतःच पाय बाहेर काढला. बूट वर गेले. मला तर वाटलं, लाचारीचासुद्धा एक दर्जा असतो राव! चार बूट दारात राहिले असते तर काय आभाळ पडलं असतं?

आभाळ नाही, बूट पडला.

घाईत बापूंनी मामाचे बूट आधीच भरलेल्या पिशवीत कोंबले होते. रंजूचा चहा झाला, प्रश्न झाले, मुलगा दोन वाक्यं बोलला, सगळं जमत आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून लीलाकाकू पोह्यांचा ट्रे घेऊन निघाल्या. सरळ, ताठ, झपझप. तेवढ्यात वर पिशवीची शिवण उसवली आणि मामाचा एक बूट धप्पकन खोलीच्या मधोमध पडला. बरोबर काकूंच्या वाटेत.

कोणीही थांबलं असतं, निदान खाली बघितलं असतं. काकू तशाच झपझप.

बापू पलंगावरून उडाले. या वयात माणूस असा उडतो हे मला माहीत नव्हतं. त्या बुटावरच मांडी घालून बसले आणि टाळ्या वाजवून ओरडले, "थांब, रंजूनी माय, थांब! आज मन्हा मानपान पहिले! आठेच, जमीनवर वाढ माले!"

काकू हातभर अंतरावर थांबल्या. खोली हसून हसून लोळली. मामा म्हणाला, "येडा आहे का हा माणूस?" मीही हसत होतो, मांडी कशी घातली, मान कशी हलवली, सगळं डोक्यात भरून घेत होतो, टपरीसाठी. मग काकूंकडे बघितलं. त्याही हसत होत्या. पण बापू जमिनीवर बसलेले, आणि काकू हसत होत्या उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघून. तिथे कोणी नव्हतं. भिंत होती.

काकूंना बूट दिसलाच नव्हता. बापूही दिसत नव्हते.

मुलाची आई तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती उठली. "द्या ताई, मी वाटस," म्हणाली आणि ट्रे घेतला. दुसरा हात काकूंच्या कोपराला लावून त्यांना पलंगाच्या कडेवर बसवलं, इतकं सहज, की मामाला पोह्यातल्या शेंगदाण्यांखेरीज काही दिसलं नाही. बापूंनी मात्र बघितलं. बुटावरून उठायचंही विसरले.

निघताना पिशव्या उतरल्या, कोट उतरले. मामा बुटाला फुंकर मारत जीपमध्ये जाऊन बसला. मुलाची आई शेवटी निघाली. बापू दोरी धरून उभे, मान खाली.

"व्याही," ती म्हणाली, "आते तुम्ही दोन्ही आमना घर या. आमनी ओसरीवर नुस्ता पसारा शे, खतना गोण्या, फवारणीना पंप. तुम्ही येवाना आधी मी सगळं उचली ठेवस."

जीप गेली. बापू वळले. मग मला बघून म्हणाले, "पप्या, कोनले सांगू नको. रंजूनं लगीन व्हवू दे. लोके मन्हावर हासतस ना, तवलोंग रंजूनी मायकडे कोनी देखत नही."

एवढा खटाटोप, एवढ्या कप्प्या, एवढे बांबू, सगळ्या गल्लीकडून स्वतःला येडा म्हणवून घेणं, ही काय रीत झाली? चार माणसांना विश्वासात घेतलं असतं तर आम्ही काय चपला अंगावर फेकल्या असत्या? बहुतेक फेकल्या असत्या. निदान दारात तरी टाकल्याच असत्या.

आतून काकूंनी हाक मारली. "ओ, गयात का त्या? पोऱ्या कसा शे दिसाले?"

बापू आत गेले, पलंगावर त्यांच्याशेजारी बसले. "एकदम हिरो," म्हणाले. "उंच. गोरा. केस कुरळे."

मी दारात उभा. पोरगं बुटकं होतं, सावळं होतं, आणि केस तर विचारूच नका.

"खरं सांगा," काकू म्हणाल्या.

बापू म्हणाले, "कान मोठा शेतस."

"किती?"

बापूंनी काकूंचा हात धरला, आपल्या कानाला लावला, आणि बोटं बरीच पुढे सरकवली. काकू चाचपत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

"मंग बरं शे," म्हणाल्या. "रंजूनं आयकी तरी लेई."