जुना प्रोसेसर बदलणेबाबत

कोणतीही वस्तू जुनी झाली की मंद होते, आणि मंद झालेल्या वस्तूचा वेग वाढवायचा तर आधी कागद हलवावा लागतो, हे सर्वमान्य सत्य आहे.

आमच्या दाखले विभागातला संगणक चौदा वर्षांचा. सकाळी बटण दाबलं की तो घरघरतो, विचारात पडतो आणि चहाची पहिली फेरी संपल्यावर एकदाचा उजळतो. एक दाखला निघायला सरासरी सत्तेचाळीस मिनिटं लागतात (पैकी एकतीस संगणकाची, उरलेली आमची). तो चालवायच्या आमच्या टंकलेखक बाई. नोकरी चौतीस वर्षं, निवृत्तीला आठ महिने, आणि खिडकीजवळची ती खुर्ची म्हणजे त्यांचा जीव की प्राण. शेवटच्या दिवशी तिथूनच उठून घरी जायचं, एवढंच त्यांचं मागणं. रांगेतली माणसं ताटकळली की बाईंना अपराध्यासारखं वाटे. (हा दोष त्यांच्या सेवापुस्तकात नोंदलेला आहे.) शेवटी त्यांनीच दुरुस्तीवाल्याला विचारून प्रस्ताव टंकला: ‘जुना प्रोसेसर वारंवार तापतो. तो काढून नवा बसवावा व क्लॉक स्पीड वाढवावा.’

वरिष्ठ कार्यालय शुद्ध मराठीखेरीज कागदाला हात लावत नाही. त्यामुळे प्रस्ताव भाषांतर कक्षाकडे आला. भाषांतर कक्ष म्हणजे मी. प्रोसेसर म्हणजे प्रक्रिया करणारा, अर्थात प्रक्रियाकार. क्लॉक म्हणजे घड्याळ. शंकेला जागाच नव्हती, आणि असती तरी शंकेचा नमुना वेगळा भरावा लागतो.

मंजुरी अकरा दिवसांत आली. इतक्या झटपट आमच्याकडे आजवर फक्त सुट्टी मंजूर झाली होती.

आधी घड्याळवाला आला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाचा वेग दीडपट करून दिला. परिणाम थक्क करणारे होते. सकाळी दहाला लावून दिलेलं घड्याळ बाहेरच्या दोन चाळीसलाच पाच वाजवू लागलं. कामाचे तास पूर्ण, कर्मचारी टवटवीत. दाखले तेवढे कमी निघाले, पण त्यांनी वेगाशी जुळवून घ्यायला नको का?

मग दुसरा आदेश आला. जुना प्रक्रियाकार काढून भांडारात जमा करावा, पावती घ्यावी, नवीन म्हणून साहेबांच्या मेहुण्यांना बसवावे. हरकत असल्यास आजच पाचपर्यंत संगणकावर नोंदवावी.

बाई आदेश घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“अहो, मी मशीनचं लिहिलं होतं. माझं नाही.”

“बाई, मूळ मजकुरात मशीन हा शब्दच नाही,” मी बोट ठेवून दाखवलं. मला फार वाईट वाटलं, पण भाषांतर अचूक होतं.

बाई हरकत नोंदवायला बसल्या. पडद्यावर ‘कृपया थांबा’ आलं. बाई थांबल्या. नमुना अर्धा उघडला आणि पाच वाजले (बाहेर ऊन मी म्हणत होतं).

भांडारपालाने त्यांना तीन मोडकी स्टुलं आणि एक गंजकं कपाट यांच्यामध्ये जागा करून दिली आणि पावती फाडली: ‘प्रक्रियाकार, जुना, नग एक, चालू स्थितीत.’ ‘चालू स्थितीत’ वाचून बाईंना रडूच कोसळलं. चौतीस वर्षांत त्यांच्याबद्दल कोणी लेखी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

नवीन प्रक्रियाकार उत्तम आहेत. दोन हात आहेत, दोन्हींत मोबाईल आहेत. ते अजिबात तापत नाहीत, कारण अजून सुरू झालेले नाहीत.

तरी नियम म्हणजे नियम. बाईंची हरकत वेळेत पोचली नाही म्हणून हा वृत्तांत जनतेपुढे ठेवला आहे. कोणाही एका वाचकाने हरकत घेतली असती, तर त्यांना खुर्ची परत देणं आम्हाला भाग होतं. आपण इथवर वाचलंत. मध्ये दोन-तीनदा हसलात, त्याचीही आम्ही रीतसर नोंद घेतली आहे. आमच्या नोंदवहीत हसणं ‘हरकत नाही’ या रकान्यात जातं.